नोकरी सोडू नका सर, आणि समुद्र पण सोडू नका

पत्र थोडक्यात असं:

हे वाचक सोलापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात, वय पंचेचाळीसच्या पुढं. पीएचडी मरीन बायोलॉजीतली, कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरच्या गोगलगायी आणि शिंपल्यांवर. समुद्राकाठीच नोकरी लागेल असं वाटलं होतं पण परमनंट जागा मिळाली ती इथं. घरी आई, बँकेत नोकरी करणारी बायको, दहावीतली मुलगी, सहावीतला मुलगा. छंद सगळे समुद्राचेच: शंख-शिंपले जमवणं, मायक्रोस्कोपखाली प्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, बघून त्यांची चित्रं काढणं, घरात खाऱ्या पाण्याची टाकी, आणि प्रत्येक सुट्टीत कोकण. गेल्या मे महिन्यात रात्रभर लाइट गेली आणि टाकीतले क्लाउनफिश मेले, तेव्हापासून सर खचलेत. स्टाफरूममधे लोक विचारतात, सोलापुरात समुद्र कुठंय. बायको म्हणते दर सुट्टीला तोच किनारा. मुलगा म्हणतो, पप्पा एकदा तरी डोंगरात जाऊ. आता कोकणात एका प्रकल्पावर दोन वर्षांची काँट्रॅक्टची जागा चालून आलीय, पगार निम्म्याहून कमी, आणि होकार महिन्याभरात कळवायचाय. सर विचारतात: 'नोकरी सोडून जाऊ, का हे सगळं शंखांसकट टाकून देऊन बाकीच्यांसारखं गप शिकवत राहू? मी मरीन बायोलॉजिस्ट आहे असं म्हणायचा मला हक्क तरी उरलाय का?'

नमस्कार सर,

आधी मुद्द्याचं बोलते म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला राहणार नाही. आत्ता लगेच राजीनामा देऊ नका, आणि शंखांचे डबे पण कुणाला देऊन टाकू नका. तुम्ही पत्रात दोनच वाटा लिहिल्यात, एकीत घर मोडतंय आणि दुसरीत तुम्ही. माणूस खचलेला असला की त्याला असंच दिसतं, मधलं काही दिसतच नाही. मला मधलं बरंच दिसतंय म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

पहिला तो हक्काचा प्रश्न घेऊ. समुद्राकाठी राहतो तोच मरीन बायोलॉजिस्ट, हे तुम्ही इतकं पक्कं धरून बसलाय की पत्रात कुठंच त्यावर शंका घेतलेली नाही. इथून हैदराबाद तीनशे-सव्वातीनशे किलोमीटर, आपल्याकडची किती माणसं दवाखान्याला, लग्नाच्या खरेदीला तिकडं जातात. त्या हैदराबादला समुद्र नाही. तरी देशाला समुद्राची माहिती पुरवणारी सरकारी संस्था, इन्कॉइस, १९९९ पासून तिथंच आहे. मच्छीमारांना मासा कुठं मिळायची शक्यता आहे हा अंदाज तिथून जातो, आणि २००४ च्या त्सुनामीनंतर उभं केलेलं इशारा केंद्र २००७ पासून तिथूनच चालतं. म्हणजे किनाऱ्यावरच्या लाखो लोकांचा जीव ज्यांच्या कामावर आहे ती माणसं रोज डांबरी रस्त्यानं ऑफिसला जातात, समुद्र बघायचा तर त्यांना पण रात्रभराचा प्रवास करावा लागतो.

आणि डॉ. एस. झेड. कासिम, तुम्हाला माहीत असणार पण बाकी वाचकांसाठी सांगते. जन्म अलाहाबादचा, शिक्षण अलिगढला, प्राणिशास्त्राचे लेक्चरर म्हणून नोकरी पण अलिगढलाच. पुढं हाच माणूस गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा संचालक झाला आणि १९८१ साली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम त्यांच्या नेतृत्वाखाली निघाली. तुमचं पण असंच होईल असं खोटं आश्वासन मी देत नाहीये, वय आणि काळ दोन्ही वेगळे आहेत. पण समुद्राचा मागमूस नसलेल्या गावात प्राणिशास्त्र शिकवलं म्हणून कासिम यांचं नातं समुद्राशी तुटलं नाही, एवढं तरी मान्य कराल ना?

दुसरं गृहीत, की तिकडं गेलं की रोज समुद्र मिळेल. इथं जरा सावध व्हा. प्रकल्पावरच्या माणसाचा दिवस म्हणजे ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या तारखेला जाऊन नमुने घ्यायचे, बाटल्यांवर नंबर टाकायचे, एक्सेलमधे भरायचे, तिमाही रिपोर्ट, खर्चाची बिलं, आणि दुसरं वर्ष लागलं की पुढच्या जागेची शोधाशोध. यात वाईट काही नाही, हे खरं काम आहे आणि तुम्हाला ते आवडेल पण कदाचित. पण तुम्ही पत्रात ज्याची ओढ लिहिलीय, ओहोटीला खडकांच्या खळग्यात तासभर वाकून एकाच समुद्रफुलाकडं, म्हणजे सी ॲनिमोनकडं, बघत बसायचं, ते त्या नोकरीच्या कामात बसत नाही. ते तिथं पण सुट्टीच्या दिवशीच होणार. होकार कळवायच्या आधी त्या प्रकल्पावर आत्ता काम करणाऱ्या कुणालातरी फोन लावा, साहेबाला नको, खालच्या पोराला लावा, आणि विचारा की गेल्या आठवड्यात पाण्यात किती वेळ होतास आणि लॅपटॉपसमोर किती वेळ.

आता तिसरं, आणि मला हे सगळ्यात जास्त खटकलं. तुमच्या पत्रात मधेच एक वाक्य येऊन जातं की तुमच्या दोन विद्यार्थिनी फिशरीजला गेल्या आणि एक मुलगा कोचीला समुद्रावरच पीएचडी करतोय. एवढंच, आणि लगेच पुढं टाकीतल्या माशांबद्दल पानभर. सर, अक्कलकोट, मोहोळ, बार्शीकडनं एसटीनं येणारी पोरं, ज्यांनी समुद्र फक्त मोबाइलवर बघितलाय, त्यातली तिघं तिकडं पोचली. गुहागर-मालवणच्या पोराला समुद्र दाखवायला कुणी लागत नाही, त्याच्या दारातच आहे तो, इथल्या पोराला मात्र तुम्हीच लागता. हे तुम्ही करिअरच्या हिशोबात धरलेलंच नाही, कारण तुमच्या डोक्यात करिअर म्हणजे किनारा असं बसलंय. स्टाफरूममधे समुद्र कुठंय विचारणाऱ्यांना उत्तर द्यायची गरज नाही पण तुम्ही स्वतःला ते उत्तर द्यायला पाहिजे.

बरं, सोलापुरात समुद्राशी जोडलेलं खरंच काही नाही का? आपली भीमा पुढं रायचूरकडं कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. उजनीतनं सुटलेलं पाणी, त्यातली साखर कारखान्यांची मळी, शेतातलं खत, प्लास्टिक, सगळं त्याच वाटेनं खाली जातं. उलट्या दिशेनं पण वाट होती. आपल्या नद्यांमधला अहीर मासा गोड्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला समुद्रात जातो, पिल्लं नदीनं परत वर येतात. मधे श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणं उभी राहिली की त्या वाटेचं काय होतं? भीमाकाठच्या म्हाताऱ्या भोई-कोळ्यांना जाऊन विचारायचं की तुमच्या लहानपणी अहीर कुठंपर्यंत मिळायचा, आता मिळतो का. एक वही, एक मोबाइल, दोन-तीन विद्यार्थी, आणि सुट्टीचे रविवार. याला ग्रँट लागत नाही, आणि हे काम कोकणातला माणूस करू शकत नाही, इथलाच करू शकतो.

उजनीचंच बघा. १९८० ला धरण पूर्ण झालं, आज हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला पुण्या-मुंबईची गाड्याच्या गाड्या माणसं येतात. जाळ्यात निम्म्याहून जास्त दिसते ती चिलापी, म्हणजे तिलापिया मासा, जी मूळची आफ्रिकेतली, भारतात १९५२ ला आणली आणि मग सगळीकडं पसरली. ती गोड्या पाण्यात पण राहते, मचूळ-खाऱ्या पाण्यात पण तग धरते. मीठ-पाण्याचा समतोल मासा कसा राखतो हे शिकवायला याहून जवळचं उदाहरण कुठलं? आणि तुमचे प्लँक्टन. गावाबाहेर हिप्परग्याचा तलाव आहे, १८७१ साली पूर्ण झालेला, तिथं बारीक जाळी पाण्यातनं ओढून एक थेंब काचपट्टीवर घ्या. समुद्रात दिसायचे त्यांचेच भाऊबंद कोपेपॉड, कोळंबीच्या नात्यातले बारीक जीव, इथं पण झटके देत पळत असतात, एकच डोळा, आणि मादी असली तर बऱ्याचदा शेपटीच्या दोन बाजूला अंड्यांच्या दोन पिशव्या लटकलेल्या. यातलाच सायक्लॉप्स आपल्या आज्या-पणज्यांना नारू, म्हणजे कातडीखालून बाहेर येणाऱ्या लांब जंताचा रोग, द्यायचा, पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी न गाळता प्यायलं की. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. वर्गात पोरांना सांगा घरी जाऊन आजीला नारूचं विचारून या, बघा दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग काहीतरी घेऊन येतो का नाही.

प्रॅक्टिकलसाठी अजून एक सुचवते, आवडलं तर घ्या. बाजारात बर्फातनं बांगडा येतोच. एक बांगडा घेऊन त्याचं तोंड पूर्ण उघडायचं, आत कल्ल्यांच्या कमानीवर लांब बारीक काट्यांची दाट रांग दिसते, चिमटा पण लागत नाही. मासा पाणी आत घेतो, त्या काट्यांनी बारीक जीव अडवतो, पाणी कल्ल्यातनं सोडून देतो. रोहित पक्षी उजनीच्या चिखलात मान उलटी करून चोचीतल्या झालरीनं हेच करतो. एक मासा अरबी समुद्रातला, एक पक्षी आपल्या जिल्ह्यातल्या पाण्यावरचा, खायची पद्धत तीच. एका तासात पोरांना समुद्र आणि उजनी दोन्ही कळतात आणि प्रॅक्टिकल संपल्यावर कुणाच्या मनात मारल्याचं ओझं राहत नाही, मासा बाजारातनंच आलेला.

कॉलेजच्या म्युझियममधे फॉर्मलिनच्या जुन्या बरण्या असतीलच. बऱ्याच जुन्या कॉलेजात लेबलं पिवळी पडलीत, नावं जुनी, काही बरण्यांतलं द्रव अर्धं उडालेलं. त्या बरण्यांची यादी करणं, लेबलवरचं गाव आणि साल उतरवणं, जुनी शास्त्रीय नावं 'वर्म्स' या समुद्री प्रजातींच्या जागतिक यादीत तपासून आजची नावं लावणं, हे तुमच्याइतकं कोण करू शकेल? ओळख पटत नसली तर भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, सकाळच्या गाडीनं जाऊन रात्री परत येता येतं.

पण आता मी माझ्याच बोलण्याला जरा आवर घालते. हे सगळं ऐकून तुम्ही उद्यापासून प्रत्येक रविवारचा शोधनिबंध करायला निघाल, प्रमोशनचे पॉइंट्स मोजाल, आणि सहा महिन्यात प्लँक्टनची चित्रं पण नकोशी होतील. तसं होऊ देऊ नका. तुमच्या पत्रात छंदाबद्दल जे शब्द आहेत, 'नुकसानभरपाई', 'मन रमवणं', 'बाकी काय उरलं', ते वाचून वाईट वाटलं. छंद ही हुकलेल्या करिअरची भरपाई असते असं कुणी सांगितलं? समजा तुम्ही गोव्याला शास्त्रज्ञ असता तरी रविवारी चित्रं काढलीच असतीत की. जो माणूस दिवसभर पेपर तपासून रात्री अकराला मायक्रोस्कोप लावून बसतो, बाजूला पेन्सिलीला टोक करून ठेवतो, आणि एका कोपेपॉडच्या पायावरचे केस मोजून काढतो, तो हे कशाच्या बदल्यात करत नाही. त्याला ते आवडतं म्हणून करतो. चार गोष्टींतली एक कॉलेजच्या कामाला जोडा, म्युझियम म्हणा नाहीतर अहीर, आणि चित्रांना कुठल्याच फॉर्ममधे लिहू नका. ती तुमची.

टाकीचं मात्र माझं स्पष्ट मत आहे. खाऱ्या पाण्याची टाकी आता पुन्हा लावू नका. सोलापूरचा मे, बेचाळीस-त्रेचाळीस तापमान, त्यात लाइटचा भरवसा नाही. पाणी उडतं पण मीठ मागंच राहतं, म्हणून रोज गोडं शुद्ध पाणी भरत राहायचं, बोअरचं जड पाणी चालत नाही, पाणी थंड ठेवणारा चिलर चोवीस तास पाहिजे, आणि तुम्ही कोकणात असलात की हे सगळं कुणी करायचं, वहिनींनी? ते मासे मेले यात तुमचा दोष नाही, तुम्ही रात्रभर हातानं हवा देत बसला होता असं तुम्हीच लिहिलंय. पण इथल्या उन्हाळ्यात त्या माशांना जगवणं म्हणजे दर वर्षी नशिबाशी खेळ आहे. त्याच काचेच्या टाकीत हिप्परग्याची पाणवनस्पती, गोड्या पाण्यातल्या गोगलगायी, छोटे स्थानिक मासे ठेवा. गोगलगायी तर तुमच्या पीएचडीचा विषय, गोड्या पाण्यातल्या का असेनात.

आता घर. वहिनी समुद्राच्या विरुद्ध आहेत असं तुम्ही धरलंय. त्या म्हणतात दर सुट्टीला तोच किनारा, म्हणजे त्यांना कंटाळा आलाय तो तुम्ही दिवसभर खडकांवर आणि त्या पोरांना घेऊन वाळूत, याचा. सुट्टी त्यांची पण असते, बँकेत मार्च काढून आलेली बाई असते ती. मुलगा डोंगर मागतोय तर पुढची एक सुट्टी डोंगराची करा, आणि तिथं जाऊन 'इथं समुद्र नाही' असं तोंड करून बसू नका. एखाद्या रविवारी नान्नजच्या माळढोक अभयारण्यात पण जा, माळढोक दिसो न दिसो, काळवीट दिसतील, आणि पप्पा आपल्यासाठी आले एवढं पोराला पुरतं.

आणि कोकणात जाल तेव्हा तिथी बघून जा. तुम्ही संशोधनाला हे वापरलं असणार, फक्त घरच्या ट्रिपला वापरलं नाही असं दिसतंय. बाकी वाचकांसाठी सांगते, आपल्या कोकण किनाऱ्यावर जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की साधारण त्या वाजता भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या पुढं. त्यातनं सहा तास मागं-पुढं गेलं की ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास, जेव्हा उधाण असतं आणि पाणी सगळ्यात लांब मागं जातं, तेव्हा ओहोटी पहाटे पाच ते सातच्या आसपास येते आणि पुन्हा संध्याकाळी. पहाटेची ओहोटी तुमची. घरचे झोपलेले असतात, तुम्ही उजाडता उजाडता खडकांवर, आणि साडेआठला नाष्ट्याला परत. नंतरचा सगळा दिवस घरच्यांचा, त्यात एक पण 'पाचच मिनिटं' नाही. हिशोब ढोबळ आहे, निघायच्या आधी त्या बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायचंच. अंधारात एकटं जायचं नाही, गावातला कुणी सोबत घ्या, शेवाळावर घसरत नाहीत असे बूट घाला, समुद्राकडं पाठ करून बसू नका, आणि पावसाळ्यात तर खडकांवर जाऊच नका.

शहरातनं समुद्राचा छंद असणाऱ्या बाकीच्यांना पण हे सांगते: जिवंत शंख उचलू नका, दगड उलटा केला तर पुन्हा होता तसा ठेवा. प्रवाळ, समुद्री घोडा आणि काही जातीचे शंख १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आहेत, किनाऱ्यावर विकायला ठेवलेले असले तरी विकत घेऊ नका. फोटो काढा, आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाका, तिथं ओळख पटवायला जगभरचे लोक असतात. मुंबईत २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' ही नागरिकांची चळवळ चालते, ओहोटीला सामान्य लोकांना किनाऱ्यावर नेऊन काय काय जगतं ते दाखवतात. मुंबईला कामानं जाणार असाल तर त्यांच्या फेऱ्यांच्या तारखा आधी बघून ठेवा.

सर, तुमच्याकडच्या शंखांची यादी करा. कुठं सापडला, कधी, खडकावर का वाळूत, हे लिहिलेला शंख अभ्यासाला उपयोगी पडतो, नुसता डब्यातला शंख शोभेचा. तुमची पीएचडीची टिपणं आहेत तोवरच हे काम होईल, तुमच्यानंतर कुणी करू शकणार नाही. कायद्यात येणारी एखादी जात निघाली तर वन विभागाला विचारून पुढचं ठरवा. बाकीचे कॉलेजच्या म्युझियमला द्या, पण आत्ता रागात नको, यादी झाल्यावर.

असाच प्रश्न घेऊन काही आईबापांची पत्रं पण येतात, की मुलीला समुद्राचं शिकायचंय, सोलापूरहून कसं होणार, आणि यात पोट भरतं का. बीएस्सी झूलॉजी इथं करून पुढं जाता येतं. गोवा विद्यापीठ, कोचीचं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणजे कुसाट, कर्नाटक विद्यापीठाचं कारवारचं केंद्र, तमिळनाडूत अण्णामलाई विद्यापीठाचं परंगीपेट्टई, या ठिकाणी समुद्राचं पदव्युत्तर शिक्षण आहे. बारावीनंतरच मासेमारी आणि मत्स्यशेतीकडं जायचं असेल तर रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय. प्राध्यापक व्हायचं तर नेट-सेट आणि पीएचडी, आणि जागा कमी आहेत हे खरंय, वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवणारी हुशार माणसं आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. म्हणून फक्त प्राध्यापकी डोळ्यासमोर ठेवू नका. मत्स्यव्यवसाय विभाग, कोळंबी हॅचरी, पर्यावरण अहवाल करणाऱ्या कंपन्या, उपग्रहाच्या डेटावरचं काम, या सगळीकडं हीच माणसं लागतात. मुलीला पोहायला शिकवा आणि स्टॅटिस्टिक्स पक्कं करून घ्या. आणि जमलं तर बारावीच्या सुट्टीत एकदा ओहोटी दाखवून आणा, मग तिची तीच ठरवेल.

आता राहिली ती कोकणातली जागा. तुम्ही सोडणं किंवा नाकारणं एवढंच धरलंय, मधे रजेचा रस्ता असतो तो विचारलाय का? परमनंट शिक्षकाला लिएनवर, म्हणजे मूळ जागेवरचा हक्क राखून, दुसरीकडं जायची सोय बऱ्याच ठिकाणी असते. स्टडी लीव्ह वेगळी. अटी, सेवेची वर्षं, बाँड, पेन्शनवर होणारा परिणाम, हे तुमच्या कॉलेजच्या ऑफिसला आणि संस्थेला लेखी विचारा, स्टाफरूममधल्या ऐकीव गोष्टींवर जाऊ नका. लिएन मिळत असेल तर विषय वेगळा होतो, मग घरात बसून खरंच बोलता येईल. नसेल मिळत तर माझं मत, पुढची दोन वर्षं तरी जाऊ नका. मुलीचं दहावीचं वर्ष आहे, मग अकरावी-बारावी, आई तुमच्या हातानं औषध घेते असं तुम्ही लिहिलंय, आणि निम्म्या पगारात दोन घरं चालवायची तर सगळा भार वहिनींच्या पगारावर येणार. त्यांना तुम्ही आकडे दाखवलेत का? पत्रात तरी तसं दिसलं नाही. 'मी जाऊ का' असं विचारलं की त्या 'तुमची मर्जी' म्हणणार, कुठलीही बायको म्हणेल. कागदावर महिन्याचा हिशोब मांडून विचारा.

आणि प्रकल्पवाल्यांना पण नुसतं हो-नाही कळवू नका. त्यांना लिहा की पूर्णवेळ जमत नाही पण मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत मी येऊन गोगलगायी-शिंपल्यांची ओळख पटवून देऊ शकतो, तुमच्या पोरांना शिकवू शकतो, मधल्या काळात नमुने सोलापूरला पाठवलेत तर इथं बसून बघतो. शंखांच्या जाती नजरेनं ओळखणारी माणसं आता कमी राहिलीत, नुसता डीएनए काढून भागत नाही, कुणीतरी नाव सांगावं लागतंच, आणि हे त्यांना पण माहीत असणार. फार तर नाही म्हणतील.

तेव्हा सोमवारी ऑफिसमधे लिएनचा अर्ज कसा करायचा ते विचारा, त्याच दिवशी प्रकल्पावर मेल टाका, आणि संध्याकाळी वहिनींसोबत हिशोबाला बसा. महिना हातात आहे. उत्तरं काय आली ते कळवा, विशेषतः संस्थेनं लिएनला काय म्हटलं ते, कारण या सदराला लिहिणारे बरेच शिक्षक त्याच प्रश्नापाशी अडलेत.